लंडनमधली खोली: कोणाला मिळाली, कोणाला नाही



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या घरांत लंडनची चर्चा सुरू होते. मुलांना लंडन आय आणि टॉवर ब्रिज बघायचा असतो. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर राजवाडा आणि कोहिनूर ठरलेलाच. मग कोणीतरी फोनवर हॉटेल शोधते, दर बघते, नाश्ता आहे का ते बघते आणि पाच मिनिटांत खोली पक्की होते. रंग कोणता, हे तिथे कोणी विचारत नाही.

आज आपण लंडनचा इतिहास या खोलीच्या बाजूने बघणार आहोत. राजवाड्यांचा इतिहास मार्गदर्शक सांगतातच. आपल्या माणसांनी या शहरात पाठ कुठे टेकली, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

सुरुवात करू ट्रॅफलगर चौकापासून. चौकातून थेम्सकडे नॉर्थम्बरलँड अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता उतरतो. १८८० च्या दशकात या रस्त्यावर एकापाठोपाठ एक भव्य हॉटेले उभी राहिली. त्यांतलेच एक व्हिक्टोरिया हॉटेल. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी आलेले तरुण मोहनदास गांधी आधी व्हिक्टोरिया हॉटेलातच उतरले. तिथले जेवण त्यांना रुचेना. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवला, तर पैसे दोन्हींचे द्यावे लागले. बिल झाले तीन पौंड. मुंबईहून बरोबर आणलेल्या खाऊवरच दिवस काढले, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. शाकाहारी पाहुण्यांना घेऊन फिरणाऱ्यांना हे अगदी ओळखीचे वाटेल! पुढे १९३१ साली गोलमेज परिषदेला आले तेव्हा गांधीजींनी हॉटेल घेतलेच नाही. पूर्व लंडनमधल्या बो भागात, कामगार वस्तीतल्या किंग्जली हॉलमध्ये ते राहिले.

पण पैसे असले की खोली मिळायची, असे नव्हते. विद्यार्थ्यांना याचा अनुभव वारंवार यायचा. घरमालकीण दार उघडायची, चेहरा बघायची आणि खोली गेली म्हणून सांगायची. हीच अडचण ओळखून श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली उत्तर लंडनमधल्या हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू इथे भारतीय विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. तेच इंडिया हाऊस. १९०६ साली आलेले विनायक दामोदर सावरकर इथेच राहिले. इंग्रज सरकारच्या दृष्टीने हे घर पुढे क्रांतिकारकांचा अड्डा ठरले. पण त्याचा पाया साधा होता: परक्या शहरात आपल्या मुलांना हक्काचे छप्पर हवे होते. घरावर सावरकरांच्या नावाची पाटी आहे. आत लोक राहतात, त्यामुळे बाहेरूनच बघायचे.

लोकमान्य टिळक चिरोलवरच्या खटल्यासाठी १९१८ साली आले, ते मेडा व्हेलमधल्या १० हाउली प्लेस इथे राहिले. तिथेही पाटी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये प्रिमरोज हिलजवळ १० किंग हेन्रीज रोड या घरात राहून शिकत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले. घराचे स्मारक करायला स्थानिक परवानगी मिळेना. वाद वर गेला आणि मार्च २०२० मध्ये मंजुरी मिळाली. आपल्या माणसाला लंडनमध्ये जागा मिळवून देणे शंभर वर्षांनंतरही सोपे नव्हते!

आता अशा बायकांबद्दल, ज्यांची नावे पाट्यांवर नाहीत. भारतातून परतणारी इंग्रज कुटुंबे बोटीवर मुले सांभाळायला आया बरोबर आणायची. लंडनला पोहोचल्यावर काही कुटुंबे त्यांना कामावरून काढून टाकायची आणि परतीचे तिकीटही द्यायची नाहीत. अशा बायकांसाठी हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर ‘आयाज होम’ होते. परत जाणारे एखादे कुटुंब मिळेपर्यंत त्या तिथे थांबायच्या. २०२२ साली त्या घरावर निळी पाटी लागली.

आणि आता ब्लूम्सबरी. ब्रिटिश म्युझियम इथेच, त्यामुळे आपल्यापैकी अनेक जण याच भागात हॉटेल घेतात. रसेल स्क्वेअरला इम्पीरियल नावाचे हॉटेल आहे. जुनी इमारत १९६० च्या दशकात पाडली गेली, आजची नंतरची. जुलै १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, वेस्ट इंडिजचे नामवंत क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी बायको आणि मुलीला घेऊन इथे आले. चार रात्रींच्या खोल्या आधीच ठरलेल्या होत्या. तरी त्यांना सांगण्यात आले की फक्त एक रात्र राहता येईल. हॉटेलात गोरे अमेरिकन उतरले होते, त्यांना चालणार नाही म्हणून! कॉन्स्टंटाइन तेव्हा ब्रिटिश सरकारच्याच कामगार खात्यात काम करत होते.

त्या रात्री ते दुसऱ्या हॉटेलात गेले खरे, पण गप्प बसले नाहीत. कोर्टात गेले. त्या काळी इंग्लंडात वर्णभेदाविरुद्ध कायदाच नव्हता. मग आधार कशाचा? शेकडो वर्षांच्या जुन्या रूढ कायद्याचा. जागा असेल आणि प्रवासी पैसे द्यायला तयार असेल, तर सराईच्या मालकाला त्याला योग्य कारणाशिवाय परत पाठवता येत नाही, असा तो नियम. घोडागाडीच्या काळातल्या वाटसरूंसाठी केलेला हा नियम या काळ्या क्रिकेटपटूच्या कामी आला. जून १९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे सव्वापाच पौंड.

रक्कम नाममात्र होती, पण वर्णभेदाची गोष्ट इंग्लंडच्या कोर्टात उघडपणे मांडली गेली. तरीही त्यानंतर वीस वर्षे खोल्यांच्या खिडक्यांत ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या लागत राहिल्या. १९६५ च्या रेस रिलेशन्स अ‍ॅक्टने हॉटेल, उपाहारगृह, नाट्यगृह अशा सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद बेकायदा ठरवला. राहत्या घरांच्या भाड्याला आणि नोकरीला हा नियम लागू व्हायला १९६८ चा कायदा यावा लागला. कॉन्स्टंटाइन १९६९ मध्ये लॉर्ड झाले, हाउस ऑफ लॉर्ड्समधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य.

श्रोतेहो, म्हणून एक सुचवावेसे वाटते. लंडनच्या बेतात एक दिवस या पत्त्यांसाठी ठेवा. सकाळी ब्रिटिश म्युझियम बघा, मग रसेल स्क्वेअरच्या बाकावर बसून मुलांना कॉन्स्टंटाइनची गोष्ट सांगा. तिथून चालत जाता येईल असा फिट्झरॉय स्क्वेअर आहे. तिथे भारतीय वायएमसीएचे वसतिगृह आजही चालू आहे. दुपारी किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेबांचे घर बघा. जाण्याआधी ते कधी उघडे असते ते तपासून घ्या. वेळ उरला तर हायगेट. आणि आपल्या माणसांत बसावेसे वाटले तर १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहेच.

तुमच्या घरात परदेशातल्या पहिल्या खोलीची एखादी आठवण असेलच. खोली मिळत नव्हती तेव्हा कोणी आसरा दिला, कोणी दार लावून घेतले, हे आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि मुलांना ऐकवा. आमच्यापर्यंत पोहोचवलेत तर पुढच्या एखाद्या भागात आम्ही ते जरूर वाचून दाखवू.

आजच्यापुरते इतकेच. प्रवास सुखाचा होवो. नमस्कार!