पेंगणारा जो आणि पोटाची शस्त्रक्रिया

बीड म्हटले की आपल्याला दुष्काळ आणि ऊसतोडीला जाणारे कोयते आठवतात. तेथे स्थूलतेचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्याही वर्गात एखादा जाडा मुलगा पेंगतो आणि सारे हसतात. तेथूनच सुरुवात करू.

डिकन्सच्या १८३६-३७ मधील 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा असाच एक पोऱ्या आहे. तो सारखा खातो आणि कोठेही झोपतो. वाचक शंभरावर वर्षे त्याला हसले. १९५६ साली अमेरिकेत बरवेल आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात उत्तम पाने हाती असताना हा गृहस्थ झोपी गेला होता! लेखाच्या शीर्षकात पिकविकचेच नाव होते. आळस हे कारण नव्हतेच. छाती-पोटावरील चरबीमुळे श्वास उथळ होतो. रक्तात कार्बन डायॉक्साइड साचतो, ऑक्सिजन घटतो. फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

उपाय म्हणून १९५४ मध्ये क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया मांडली. वजन घटले, पण कुपोषण व यकृताचे विकार जडले. ती मागे पडली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्यांचे वजन वाढत नाही, या निरीक्षणावरून एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठर लहान करून आतड्याला जोडले. परिणाम मोजायला मात्र वेळ लागला. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० व न झालेल्या २,०३७ स्थूल व्यक्तींची तुलना झाली. सरासरी सुमारे ११ वर्षांत पहिल्या गटात १०१, तर दुसऱ्या गटात १२९ मृत्यू झाले. हृदयविकाराने होणारे मृत्यूही पहिल्या गटात कमी आढळले.

मग आपला काय संबंध? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१ टक्के! म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या विचाराची मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली.

म्हणजे स्थूलता ही केवळ सुखवस्तूंची व्याधी नव्हे. उपाशी पिढीची मुलेही तिच्या वाटेवर असू शकतात. शस्त्रक्रिया शेवटचा उपाय, आणि तीनंतर पूरक जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यावी लागतात. शिक्षकाच्या हातचे काम सोपे आहे. पेंगणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी तो रात्री घोरतो का, झोपेत त्याचा श्वास अडकतो का, हे त्याच्या घरी विचारावे. उत्तर 'हो' आले, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवावे.