पाच वावांच्या आतला समुद्र

मासेमारी म्हटली की डोळ्यांपुढे खोल दर्या, शिडे आणि वादळे उभी राहतात. कोकण-गोव्याच्या मच्छीमारीचा बराचसा इतिहास मात्र किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घडला. खडपातली कालवे फोडणाऱ्या बाया, खाडीच्या तोंडाशी पाग फेकणारा एकटा माणूस, कातळावर बसून गरवणारी पोरे आणि पुळणीवर रापण ओढणारी पन्नास माणसे, या सगळ्यांचा समुद्र पाच-सहा वाव खोलीच्या आत संपत असे. दोन्ही हात पसरले की होणारी लांबी म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. या उथळ पट्ट्याबद्दल एक समज पक्का रुजला आहे : तो पूर्वी कोणाचाच नव्हता, ज्याला जमेल त्याने यावे आणि मासे न्यावेत, आणि 1980 च्या सुमारास सरकारांनी कायदे केले तेव्हा कुठे त्याला शिस्त लागली. घडले ते याच्या उलट. या पाण्याला नियम आधीपासून होते, आणि ते मोडले गेल्यावर कायदे आले. कायदे येऊन चार दशके उलटली तरी ते का लागू पडत नाहीत, याचे उत्तरही जुन्या नियमांतच सापडते. त्यासाठी रापणीकडे पाहावे लागते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. मालवण, देवबाग, आचरे, वेंगुर्ले या भागात प्रामुख्याने गाबितांनी आणि गोव्यात खारव्यांनी ते चालवले; कारवारपासून मंगळूरपर्यंत तेच जाळे ‘रांपणी’ या नावाने चालत होते. काही जाळी किलोमीटरहूनही लांब भरत. पाण्यावर काळसर छटा सरकताना दिसली, वर पाखरे घिरट्या घालू लागली, की जाणती नजर थवा ओळखी. दोराचे एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती ठेवून होडी निघे, जाळे सोडत सोडत अर्धवर्तुळ घाली आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागे. मग दोन रांगा दोन दोरांना भिडत. खरे कसब इथून पुढे. वरचा दोर पाण्यावर तरंगत राहिला पाहिजे आणि वजने बांधलेला खालचा दोर वाळूला घासत आला पाहिजे. एका रांगेने घाई केली तर खालचा दोर उचलला जातो आणि थवा जाळ्याखालून निसटतो. म्हणून दोन्ही रांगांचा वेग सांभाळणारा एक जण लागे, आणि त्याच्या शब्दावर पन्नास माणसे पाऊल मागे टाकत किंवा थांबत. ओढता ओढता रांगा एकमेकींजवळ येत जात आणि दोन-तीन तासांनी गुडघाभर पाण्यात मधली खोळ दिसू लागे, आत बांगडे, तारली, पेडवे तडफडत असलेली.

एवढे जाळे एकट्याचे असणे अवघड होते. ताग-सुताच्या काळात तर ते विणायला, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करायला आणि रोज वाळवायला अनेक घरांचे हात लागत. त्यामुळे अनेक गावांत एकेका घराचे तुकडे जोडून रापण उभी राही आणि मिळालेल्या माशांचे वाटे त्या हिशेबाने पडत : जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा, आणि बऱ्याच ठिकाणी गावच्या देवाचाही. ऐन वेळी येऊन दोराला हात लावणाऱ्यालाही मूठभर मासळी मिळे. एका पुळणीवर दोन-तीन रापणी असल्या तर कोणी कुठे आणि कोणाच्या मागून जाळे सोडायचे याची पाळी ठरलेली असे, आणि तंटा झाला तर तो तिथेच मिटवावा लागे, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाळूवर उभे राहायचे होते. ज्या पाण्याला सीमा आहे, पाळी आहे, वाटणीची रीत आहे आणि तंटा सोडवणारी माणसे आहेत, त्या पाण्याला बेवारशी म्हणता येत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो वजनदार आहे. रापणकरांनी मासे राखले ते शहाणपणाने नव्हे, त्यांना जास्त मारताच येत नव्हते म्हणून. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पावसाळ्यात उधाणलेल्या समुद्रात होडी घालता येत नसे, म्हणून बांगडा-तारलीच्या विणीच्या मुख्य काळात जाळे आपोआप बंद राही. तळाशी खडक असेल तिथे जाळे फाटे, म्हणून खडपांचा आसरा माशांना उरे. दिवसात एक-दोन ओढींपलीकडे माणसांचे बळ पुरत नसे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रापण माशाच्या मागे जात नाही, मासा किनाऱ्याशी येईल तेव्हाच ती त्याला घेते. पण या यादीकडे नीट पाहावे. बंदीचा हंगाम, वर्ज्य क्षेत्र, साधनावर मर्यादा, फेऱ्यांवर मर्यादा : आजचे मत्स्यव्यवस्थापन अधिसूचना काढून, गस्ती नौका फिरवून जे आणू पाहते ते सगळे रापणीच्या घडणीतच होते, आणि त्यावर सरकारचा एक रुपयाही खर्च होत नव्हता. हेतू शुद्ध होता की नाही हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. शिवाय पाळी आणि वाटे या गोष्टी असमर्थतेतून येत नाहीत. त्या माणसांनी बसून ठरवलेल्या होत्या.

ही घडी बाहेरून विस्कटली. 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा परिसरात यांत्रिकीकरणाचा पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. हेतू मच्छीमाराचे राहणीमान सुधारण्याचा होता. पण पुढच्या दशकात गोठवलेल्या कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि सगळे गणित बदलले. कोळंबी उथळ पाण्यात तळाशी राहते. ती मिळवायला तळ खरवडणारे ट्रॉलर हवेत, आणि ते नेमके किनाऱ्यालगत चालवायला हवेत. खोल समुद्रात जाण्यासाठी म्हणून कर्ज आणि अनुदान मिळालेल्या नौका अशा रीतीने रापणकरांच्या पाण्यात उतरल्या. मुक्तीनंतरच्या गोव्यातही हेच झाले. 1970 च्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकात पर्ससीन जाळे आले. थवा किनाऱ्याकडे निघाला असतानाच वाटेत त्याला घेरून खालून जाळ्याचे तोंड आवळायचे, अशी त्याची रीत. अवघ्या काही वर्षांत कर्नाटकातली रांपणी जवळपास नामशेष झाली. रापणकरांचे कौशल्य कमी झाले नव्हते, पुळणीही तिथेच होत्या. किनाऱ्यापर्यंत पोचणारा मासा मात्र उरला नव्हता.

प्रतिकार गोव्यात संघटित झाला. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ‘गोंयच्या रापणकारांचो एकवोट’ उभा राहिला आणि पाच वावांच्या आत यांत्रिक नौका नकोत, ही त्यांची मागणी मोर्चे, उपोषणे करत दिल्लीपर्यंत पोचली. देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना एकत्र आल्या, केंद्राने नमुना कायदा तयार केला आणि गोवा व केरळने 1980 मध्ये, महाराष्ट्राने 1981 मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदे केले. महाराष्ट्रात ट्रॉलरसाठी काही भागात पाच वाव, काही भागात दहा वाव खोलीपर्यंतचे पाणी वर्ज्य झाले. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रादेशिक समुद्रातली पर्ससीनबंदी उचलून धरली. कागदावर रापणकर जिंकले. व्यवहारात ही जीत तोकडी ठरली, आणि तिची दोन कारणे आहेत. कायद्याने पाण्यात रेघ ओढली, पण बांगडा रेघ ओळखत नाही. तो बाहेरून आत येतो आणि बाहेरच उचलला गेला तर आतले राखीव पाणी रिकामे राहते. दुसरे कारण अधिक खोल आहे. पूर्वी नियम मोडणाऱ्याला रोज पाहणारी माणसे त्याच पुळणीवर असत. आता पाहायचे काम मोजक्या गस्ती नौका असलेल्या खात्याकडे गेले आणि महाराष्ट्रात तर निवाडा अनेक वर्षे महसुली कामांच्या ढिगाऱ्यात बुडालेल्या तहसीलदाराकडे होता. तो मत्स्यव्यवसाय खात्याकडे देऊन दंड लाखांत नेणारी दुरुस्ती व्हायला 2021 साल उजाडावे लागले. मधल्या काळात पर्ससीनवर डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, 2016 मध्ये त्यानुसार निर्बंध आले, 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरीही रात्री किनाऱ्यावरून प्रखर दिवे दिसतात आणि परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर जाळी तोडून गेल्याच्या तक्रारी मालवणात दर हंगामात होतात.

मासळीच्या दुष्काळाला यांत्रिक नौकाच जबाबदार आहेत हे सिद्ध कुठे झाले, असाही प्रश्न विचारला जातो. तारलीचा इतिहास पाहता तो रास्त आहे. 1940 च्या दशकात, पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरांचे नाव नव्हते तेव्हा, मलबारची तारली जवळपास नाहीशी झाली होती आणि मद्रास सरकारला जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले होते. अलीकडे केरळात 2012 मध्ये जवळपास 4 लाख टन मिळालेली तारली 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही आत आली, आणि त्यामागे समुद्राच्या तापमानापासून प्रवाहांपर्यंत अनेक कारणे सांगितली जातात. निसर्ग चढउतार करतो, हे मान्यच. पण त्यातून रापणीच्या विरोधात काही निघत नाही, उलट तिची बाजू भक्कम होते. मासा आला नाही त्या वर्षी रापण खोपीत पडून राहते, माणसे शेतीला, आंबा-काजूला, मुंबईच्या नोकरीला जातात. कर्जाचे हप्ते आणि डिझेलचे बिल असलेल्या नौकेला ती मुभा नाही. मासा कमी झाला की तिला जास्त वेळ, जास्त दूर, जास्त बारीक आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, जाळे घेऊन फिरावे लागते. पडत्या काळात थांबता येणे ही किनारी मासेमारीची ताकद होती.

रापणीचे दोषही झाकू नयेत. बारीक आसाचे जाळे उथळ पाण्यातून ओढले की त्यात पिल्ले येतातच, आणि किनाऱ्याजवळचे पाणी हीच अनेक माशांची वाढायची जागा आहे. वाट्यांत समता सगळीकडे नव्हती. काही गावांत जाळे मोजक्या मालकांचे आणि बाकीचे नुसते ओढणारे, असाही प्रकार होता. मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईला वाट्याच्या बैठकीत जागा नव्हती. म्हणून जुनी रापण होती तशी परत आणावी असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. यांत्रिकीकरणाने अनेक मच्छीमार घरांत पैसा आणला, मुले शिकली, हेही खरे. पण हे दोष गावातल्या गावात सुधारता येण्याजोगे होते : आस वाढवता येतो, वाटे बदलता येतात, बायकांना गावच्या रापण संघाच्या सभासद करून घेता येते. ज्या संस्थेत सुधारणा करायची तीच मोडली तर सुधारायला काही उरत नाही.

आज किनाऱ्यावर एक नवा मासेमार दिसतो. रॉड आणि रीळ घेऊन शहरातून येणारा, लाटांच्या पलीकडे गळ फेकायला शिकू पाहणारा हौशी माणूस. बांगड्याच्या दुष्काळाला तो जबाबदार नाही आणि त्याच्या दोन-चार माशांनी समुद्र रिता होणार नाही. पण ही पुळण मोकळे मैदान आहे, हा जुनाच गैरसमज घेऊन तो येतो. त्याने गळ टाकण्याआधी गावातल्या रापण संघाला विचारावे की जाळे कुठे आणि केव्हा पडते. तिथून दूर उभे राहावे, लहान मासा सोडून द्यावा, तुटलेली नायलॉनची तंगूस वाळूत टाकून जाऊ नये. सरकारनेही तेच करावे : किनारपट्टीचा कोणताही नवा नियम करण्याआधी त्या पुळणीवरच्या संघाला विचारावे, आणि आपल्या हद्दीत घुसलेल्या नौकेची नोंद करण्याचा अधिकार त्याला कायद्याने द्यावा. पाच वावांच्या आतला समुद्र राखण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव त्याच माणसांकडे आहे.