देवगिरीचे सिंहासन आणि हेमाडपंती देवळे

गावातील जुन्या देवळाचा एखादा चिरा निखळला, की गावकऱ्यांच्या तोंडी हटकून एक नाव येते, ते हेमाडपंताचे. चुन्याचा लेप न देता नुसत्या दगडांच्या सांध्यांवर उभे राहिलेले प्रत्येक प्राचीन देऊळ महाराष्ट्रात ‘हेमाडपंती’ ठरते. वास्तविक यांतील कित्येक देवळे हेमाडपंताच्या जन्मापूर्वीची आहेत. अंबरनाथचे सुप्रसिद्ध शिवमंदिर इ. स. १०६० मधील, म्हणजे हेमाडपंताच्या आधी दोनशे वर्षांचे. तरीही लोकांनी एका कारभाऱ्याचे नाव सातशे वर्षे जपून ठेवले आणि ज्या राजांच्या पदरी तो होता, त्यांची नावे मात्र पुष्कळांच्या विस्मृतीत गेली. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर देवगिरीच्या सिंहासनाच्या इतिहासात दडलेले आहे. त्या इतिहासात वैभव आहे, पराक्रम आहे, आणि घरातल्या घरात झालेला घातही आहे.

देवगिरीच्या यादवांचा उदयच मुळी दुसऱ्याच्या सिंहासनावरील झगड्यातून झाला. बाराव्या शतकाच्या मध्यास कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली होती. त्यांचाच एक मांडलिक, कलचुरी कुळातील बिज्जल, याने धन्याची दुर्बलता ओळखली आणि सिंहासन बळकावले. पुढे चौथ्या सोमेश्वराने काही काळ चालुक्यांचे राज्य परत मिळविले, परंतु तुटलेला धागा पुन्हा जोडला गेला नाही. एका मांडलिकाने धन्याची गादी घेतली, हे पाहिल्यावर बाकीचे मांडलिक स्वस्थ कसे बसणार? उत्तरेकडून यादव भिल्लम आणि दक्षिणेकडून होयसळ बल्लाळ असे दोघेही त्या मोडक्या राज्यावर तुटून पडले. भिल्लमाने कल्याणी घेतली, इ. स. ११८७ च्या सुमारास स्वातंत्र्य पुकारले आणि देवगिरीस राजधानी वसविली. पुढे सोरटूरच्या लढाईत बल्लाळाने त्याचा पराभव केला, पण राज्याचा पाया घातला गेला तो कायमचा.

भिल्लमाचा नातू सिंघण याच्या काळी हे राज्य वैभवाच्या शिखरास पोहोचले. कोल्हापूरच्या शिलाहार भोजाचा पाडाव करून त्याने पन्हाळा घेतला. संगीतरत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव त्याच्याच आश्रयास होता. या राज्याचा भार एकट्या राजाच्या खांद्यावर नव्हता. तो मोठमोठ्या सरदारांनी वाहिला होता. अंबेजोगाईस ज्याच्या नावाचे देऊळ आजही उभे आहे, तो खोलेश्वर हा सिंघणाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. भावाच्या स्मरणार्थ लक्ष्मी नावाच्या बहिणीने अंबेजोगाईस देवालय बांधल्याचे इ. स. १२४० च्या शिलालेखावरून कळते. स्वारीत मुलगा गमावूनही राजनिष्ठा न सोडणारी अशी घराणी होती, तोवर देवगिरीचे सिंहासन अचल होते.

परंतु मध्ययुगातील राजसत्तेत एक मोठी उणीव होती. राजाच्या मागून गादीवर कोणी बसावे, याचा अढळ नियम नव्हता. थोरल्या मुलाने बसावे, ही रीत सर्वांना मान्य, पण मुलगा लहान असेल तर? मांडलिकांना धाकात ठेवायचे आणि शत्रूवर चालून जायचे, तर घोड्यावर बसणारा जाणता पुरुष हवा. मग दिवंगत राजाचा भाऊ पुढे येई. भाऊ आपल्या मागून राज्य पुतण्यास परत देईल की आपल्या मुलास देईल, हा प्रश्न तेव्हा कोणी उघड विचारीत नसे. त्याचे उत्तर पुढची पिढी तलवारीने देई.

देवगिरीस नेमके हेच घडले. सिंघणाचा मुलगा बापाच्या आधीच वारला होता, म्हणून नातू कृष्णदेव गादीवर आला. कृष्णदेव इ. स. १२६१ च्या सुमारास निवर्तला तेव्हा त्याचा पुत्र रामचंद्र लहान होता. म्हणून कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव राजा झाला. महादेव शूर होता. त्याने कोकणच्या शिलाहार सोमेश्वरावर स्वारी केली, त्याला समुद्रावर गाठले आणि सोमेश्वर समुद्रातच बुडून मेला. याच महादेवाच्या कारकिर्दीत हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, श्रीकरणाधिप झाला. श्रीकरणाधिप म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य. देणग्या, महसूल, सनदा, सारे त्याच्या हातून जाई. चतुर्वर्गचिंतामणी हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे, आणि मुग्धबोध व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा त्याच्या आश्रयाचा पंडित होता.

महादेव वारला आणि त्याचा मुलगा आमणदेव गादीवर बसला. इकडे कृष्णाचा मुलगा रामचंद्र आता वयात आला होता. गादी बापाची, मधे चुलत्याने सांभाळली, ती आता आपणास मिळावी, असे रामचंद्रास वाटणे स्वाभाविक होते. आणि ज्याच्या बापाने दहा वर्षे राज्य केले, वाढविले, त्या आमणासही आपला हक्क खरा वाटणे तितकेच स्वाभाविक होते. दोघांचेही म्हणणे सर्वथा खोटे नव्हते, म्हणूनच हा तंटा न्यायाने सुटण्यासारखा नव्हता.

देवगिरीचा किल्ला बाहेरून जिंकणे जवळजवळ अशक्य. तेव्हा रामचंद्राने वेगळा मार्ग धरला. आमणदेवास नाच-गाण्याचा शौक होता. रामचंद्र आपल्या निवडक माणसांना नटांचा वेष देऊन किल्ल्यात शिरला. खेळ रंगात आला असता नटांनी शस्त्रे काढली आणि राजा कैद झाला. आमणाचे डोळे काढण्यात आले, असे महानुभाव परंपरा सांगते. ही गोष्ट इ. स. १२७१ च्या सुमाराची. किल्ल्याचा एक चिराही न हलता सिंहासनावरचा माणूस बदलला.

या प्रसंगी राज्यातील थोर सरदारांनी व कारभाऱ्यांनी काय केले? ज्यांनी महादेवाचे मीठ खाल्ले होते, त्यांनी त्याच्या मुलासाठी तलवार उपसल्याचे कोठे दिसत नाही. शके ११९४ म्हणजे इ. स. १२७२ च्या ठाणे येथील ताम्रपटात नव्या राजाच्या कारभारात हेमाद्री जुन्याच मानाच्या जागी दिसतो. यासाठी हेमाद्रीस दोष द्यावा की त्याची स्तुती करावी, हे ठरविणे सोपे नाही. धन्याच्या मुलाचा घात झाल्यावर घातकऱ्याची चाकरी पत्करणे हे निष्ठेत बसत नाही, हे खरे. परंतु राजवाड्यात रक्त सांडले त्याच वर्षी गावोगावचा महसूल बिनबोभाट गोळा होत राहिला, देवस्थानांची इनामे चालू राहिली आणि रयतेची लूट झाली नाही, हेही तितकेच खरे. कारभारी टिकला म्हणून राज्य टिकले. मात्र त्याबरोबर एक वाईट धडाही सर्वांनी गिरविला : गादीवर जो बसेल तो धनी.

रामचंद्राने, म्हणजे रामदेवरायाने, पुढे चाळीस वर्षे राज्य केले. त्याच्या कारकिर्दीतच, शके १२१२ मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या अखेरीस ज्ञानदेवांनी या राजाचा गौरवाने उल्लेख केला आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ म्हणून जो मोठा लेख प्रसिद्ध आहे, तोही याच काळचा, शके ११९५ ते ११९९ मधला. मंदिरास ज्यांनी ज्यांनी दान दिले, त्यांची ती यादी आहे. तीत रामदेवरायाचे नाव आहे, हेमाद्रीपंडिताचे आहे, आणि त्याच दगडावर साध्या भक्तांचीही नावे आहेत.

आता दृष्टी उत्तरेकडे वळवावी लागते. दिल्लीस जलालुद्दीन खलजी राज्य करीत होता. तोही मूळचा एक सरदारच, इ. स. १२९० मध्ये गादीवर आलेला. त्याचा पुतण्या आणि जावई अल्लाउद्दीन हा कडा प्रांताचा सुभेदार होता. त्याच्या मनात दिल्लीचे तख्त भरले होते. पण तख्त घ्यायचे तर अमीर-उमराव फोडले पाहिजेत आणि अमीर फोडायचे तर द्रव्य हवे. भिलशाच्या स्वारीत त्याने देवगिरीच्या संपत्तीची वार्ता ऐकली होती. चुलत्यास न कळविता सुमारे आठ हजार घोडेस्वार घेऊन तो इ. स. १२९६ च्या आरंभी एकाएकी देवगिरीसमोर येऊन ठाकला. वाटेवरील घाटात कान्हा नावाच्या एका अधिकाऱ्याने त्याची वाट अडविली आणि त्याच्याबरोबर दोन स्त्रियांनी वाघिणीसारखी झुंज दिली, असे इसामी या फारसी कवीने लिहून ठेवले आहे. परंतु मूठभरांची ती झुंज अपुरी पडली.

रामदेवरायाची मुख्य फौज त्या वेळी युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली होती. गडावर घाईने जी पोती चढविली, त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही गोष्ट फिरिश्ता सांगतो. दिल्लीचे वीस हजार स्वार मागून येत आहेत, अशी आवई अल्लाउद्दीनाने उठवून दिली होती. रायाने तहाचे बोलणे लावले. इतक्यात शंकरदेव परतला आणि बापाचा निरोप न मानता त्याने हल्ला चढविला. अल्लाउद्दीनाची फळी मोडत आली असता गडाखाली ठेवलेली त्याची छोटी तुकडी धुरळा उडवीत आली. हीच ती दिल्लीची फौज, असे समजून यादवांचे सैन्य फुटले. अफाट खंडणी आणि एलिचपूर प्रांताचे उत्पन्न देऊन रायाने सुटका करून घेतली.

देवगिरीच्या या सोन्याचे पुढे काय झाले, हे जाणण्यासारखे आहे. त्याच वर्षी कडा येथे गंगेच्या काठी भेटीस आलेल्या वृद्ध चुलत्यास अल्लाउद्दीनाने ठार करविले आणि तो दिल्लीकडे निघाला. वाटेत मुक्कामा-मुक्कामास तो लोकांत सोने उधळीत गेला, असे बरनी हा इतिहासकार सांगतो. जलालुद्दीनाचे अमीर एकामागून एक त्याला येऊन मिळाले. जलालुद्दीनाच्या मुलांचे डोळे काढण्यात आले. तख्तावर स्थिर झाल्यावर अल्लाउद्दीनाने त्याच फितूर अमीरांना पकडले, त्यांची मालमत्ता जप्त केली, कोणास मारले, कोणास आंधळे केले. बरनीच्या म्हणण्याप्रमाणे फक्त तीन अमीर वाचले. ज्यांनी पैसा घेतला नव्हता आणि जुन्या धन्याची मुले सोडली नव्हती, असे ते तिघे होते. फितुराची किंमत फितूर विकत घेणाऱ्यास जितकी कळते, तितकी दुसऱ्या कोणास कळत नाही.

देवगिरीची खंडणी थकली तेव्हा इ. स. १३०७-०८ मध्ये मलिक काफूर चालून आला. रामदेवराय दिल्लीस नेला गेला. तेथे त्याचा सन्मान झाला, ‘रायरायान’ असा किताब मिळाला आणि तो परत आला. पुढे काफूरच्या दक्षिणेतील स्वाऱ्यांना त्याने साह्य केले. त्याच्या मागून शंकरदेवाने दिल्लीचे जू झुगारले आणि तो काफूरशी लढता लढता मारला गेला.

इ. स. १३१६ मध्ये अल्लाउद्दीन मेला आणि त्याच्याच घरात तोच खेळ पुन्हा सुरू झाला. काफूरने मोठ्या शहाजाद्यांचे डोळे काढून एका लहान मुलास तख्तावर बसविले, आणि सुमारे पस्तीस दिवसांत स्वतः काफूर मारला गेला. कुत्बुद्दीन मुबारक आधी त्या मुलाचा पालक आणि मग स्वतः सुलतान झाला. दिल्लीतील ही धांदल पाहून रामदेवरायाचा जावई हरपाळदेव उठला. त्याने गेलेले राज्य परत मिळविण्याचा निकराचा यत्न केला. इ. स. १३१८ मध्ये मुबारकने स्वतः येऊन त्यास पकडले आणि हालहाल करून मारले. देवगिरीचे यादव राज्य तेथे संपले. पुढे दोनच वर्षांनी, इ. स. १३२० मध्ये, त्या मुबारकचा गळाही त्याच्या लाडक्या खुस्रोखानाच्या माणसांनी कापला.

कल्याणी, देवगिरी आणि दिल्ली या तिन्ही ठिकाणची ही हकीकत एकत्र वाचली म्हणजे ध्यानात येते, की जात, धर्म वा भाषा निराळी असली तरी तख्ताची भूक एकच असते. देवगिरी पडली ती शत्रूच्या बळामुळे आणि स्वतःच्या गाफीलपणामुळे. पण त्याआधी पंचवीस वर्षे, त्या नटांच्या खेळाच्या प्रसंगी, गादी आणि निष्ठा यांची फारकत झाली होती, हेही विसरता येत नाही. परचक्राच्या वेळी वाट अडवायला एक कान्हा आणि दोन स्त्रिया पुढे आल्या. मोठमोठ्या पदव्या मिरविणाऱ्या मांडलिकांची तशी हकीकत वाचावयास मिळत नाही.

या सर्वांतून मागे काय राहिले? सिंहासन राहिले नाही, राजवाडे राहिले नाहीत. देवगिरीचे नावही बदलून दौलताबाद झाले. राहिले ते पंढरपूरचा दानाचा शिलालेख, अंबेजोगाईस भावासाठी बहिणीने बांधलेल्या देवळाची आठवण, नेवाशास सिद्ध झालेला ग्रंथ आणि गावोगावची दगडी देवळे. ज्या गोष्टी बळाने घेतल्या, त्या बळाने गेल्या. ज्या दिल्या, त्या टिकल्या.

हेमाडपंताचे नाव लोकांनी का जपले, याचेही उत्तर यातच आहे. त्याच्या काळी दोन राजांची राज्ये झाली आणि तिसऱ्याचे डोळे गेले, हे लोक विसरले. त्यांच्या लेखी तो देवळे बांधणारा म्हणून राहिला, मग त्यांतली कित्येक त्याने बांधलेली नसोत. चौऱ्यांशीच्या लेखात चक्रवर्ती राजा आणि साधा भक्त यांची नावे एकाच दगडावर कोरलेली आहेत. गावाचे देऊळ पुन्हा उभे राहते तेव्हा वर्गणी देणाऱ्यांच्या यादीतही लहानमोठा भेद उरत नाही. सातशे वर्षांपूर्वीची ही रीत चालू आहे आणि ती चालू ठेवण्यास कोणत्याही सिंहासनाची गरज पडलेली नाही.