नर्तकी मेनका आणि विदर्भाची राजकन्या

दर्यापूरच्या शाळेंत भूगोल शिकवितांना वर्धा नदी आली कीं मी मुलांना कालिदासाचा दाखला देत असें. 'मालविकाग्निमित्रा'च्या शेवटीं विदर्भाचे दोन भाग होतात आणि वरदा, म्हणजे आपली वर्धा, ही त्यांची सीमा ठरते. नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या. परमुलुखांत ती दासी म्हणून राहते आणि राजापुढें प्रथम उभी राहते ती नृत्य करण्यासाठीं. राजकन्येनें नाचावें, यांत कालिदासास कांहीं विपरीत वाटलें नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीस मात्र घरंदाज मुलीच्या पायांत चाळ म्हणजे कुळाची बेअब्रू वाटे.

त्या समजुतीशीं झगडून मेनकाबाईंनीं नृत्य हाच व्यवसाय पत्करला. मूळ नांव लीला रॉय. जन्म १८९९ सालचा, बंगालमधील बारिसालचा. पति साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले हिंदी संचालक. अशा घरच्या स्त्रीनें तिकीट लावून रंगभूमीवर नाचणें हें धाडसच होतें. जगद्विख्यात रशियन नर्तकी आना पावलोव्हा हिनें त्यांस उत्तेजन दिलें. विद्या मात्र त्यांनीं घेतली ती पंडित सीतारामप्रसाद, अच्छन महाराज यांसारख्या कथक गुरूंपाशीं.

कथक हा मुळांत एकट्यानें करावयाचा नाच. तबल्याच्या बोलांवर तोडे घ्यावे, आणि भाव दाखवितांना राधाही आपणच व्हावें, कृष्णही आपणच. मेनकाबाईंनीं पाश्चात्त्य 'बॅले'प्रमाणें त्यांतून अनेक पात्रांचीं, सलग कथानकाचीं नृत्यनाट्यें उभारलीं. बैठकीचा रंग त्यांत थोडा उणा होतो, असें माझें मत आहे. पण भाषा न जाणणाऱ्या प्रेक्षकांसही कथा उमगते, हें नाकारतां येत नाहीं. १९३६ सालीं ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें बर्लिनमध्यें नृत्यस्पर्धा झाल्या. तेथें त्यांच्या मंडळीनें पारितोषिकें मिळविलीं. पुढें १९३९ सालीं त्यांनीं 'मालविकाग्निमित्र'च नृत्यरूपानें रंगभूमीवर आणलें. आपली वऱ्हाडची मालविका पुन्हां नाचली, ती अशी!

खंडाळ्यास त्यांनीं 'नृत्यालयम्' ही शाळा काढली. आयुष्य थोडें लाभलें. १९४७ सालीं त्या वारल्या. परंतु त्यांच्या हाताखालीं बाळपणापासून तयार झालेली एक मराठी मुलगी, १९२८ सालीं जन्मलेली दमयंती जोशी, पुढें स्वतंत्रपणें नांवारूपास आली. १९७० सालीं तिला पद्मश्री मिळाली. इतकेंच नव्हे, तर कथकाचें माहेर जें लखनौ, तेथील कथक केंद्राची संचालिका म्हणूनही या जोशीबाईंनीं काम पाहिलें.