चित्रपति शांतारामांचे मानसन्मान

आयुष्याचीं पस्तीस वर्षें मीं शाळामास्तरकींत घालविलीं. अक्षर बरें असल्यामुळें बक्षिससमारंभाच्या वेळीं प्रशस्तिपत्रकांवर मुलांचीं नांवें लिहिण्याचें काम माझ्याकडेच असे. त्या कामानें मला एक गोष्ट शिकविली. बक्षीस हें घेणाराविषयीं जेवढें सांगतें तेवढेंच, किंबहुना थोडें अधिकच, देणाराविषयीं सांगतें. कोणीं दिलें, केव्हां दिलें, कशाकरितां दिलें आणि कोणाला द्यावयाचें राहून गेलें, हे प्रश्न विचारल्यावांचून मानसन्मानांच्या यादीचा अर्थ लागत नाहीं. आजच्या भाषणांत ही कसोटी एका थोर नट-दिग्दर्शकाच्या कारकीर्दीला लावून पाहूं. ते म्हणजे चित्रपति व्ही. शांताराम.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म कोल्हापूरचा, १८ नोव्हेंबर १९०१ चा. शालेय शिक्षण बेताचेंच झालें. कांहीं काळ गंधर्व नाटक मंडळींत आणि कांहीं काळ हुबळीस रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी करून ते १९२० सालीं बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत दाखल झाले. तेथें पडेल तें काम करावें, ही रीत होती. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटांत जमिनीस मुकलेल्या शेतकऱ्याची भूमिका त्यांनीं केली, आणि १९२७ च्या ‘नेताजी पालकर’पासून दिग्दर्शनाचें काम अंगावर घेतलें. १९२९ सालीं दामले, फत्तेलाल, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. १९३२ सालीं त्यांचा ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलूं लागला, आणि १९३३ सालीं प्रभात पुण्यास आली.

आतां त्या काळीं मानसन्मान कोणते होते, हें पाहूं. राज्य परक्यांचें होतें. सरकारपाशीं चित्रपटांकरितां कात्री होती, पण पुष्पहार नव्हता. तेव्हां मोजमाप एकच, तें म्हणजे चित्र किती आठवडे चाललें. १९३४ च्या ‘अमृतमंथन’नें रौप्यमहोत्सव साजरा केला, हाच त्या काळचा मोठा गौरव. परदेशांत मात्र दार किलकिलें झालें होतें. १९३६ सालीं ‘अमरज्योति’ व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविण्यांत आला. पुढच्याच वर्षीं तेथें ‘संत तुकाराम’ची उत्तम चित्रांत गणना झाली. हा दुसरा मान शांतारामांच्या खात्यावर जमा करण्याची चूक कित्येक जण करतात. तें चित्र दामले-फत्तेलाल यांचें होय. इतिहास सांगतांना ज्याचें माप त्याच्याच पदरांत घातलें पाहिजे.

त्याच १९३७ सालचा ‘कुंकू’ हा खास शांतारामांचा. म्हाताऱ्या विधुराशीं फसवून लावून दिलेलें लग्न मी मानीत नाहीं, असें ठणकावून सांगणारी नीरा शांता आपटे यांनीं त्यांत उभी केली. त्या चित्राकरितां सरकारी पदक मिळणें शक्यच नव्हतें. पण घरोघरीं जो वाद माजला, तो कोणत्या पदकाहून कमी होता?

१९४२ सालीं शांताराम प्रभातमधून बाहेर पडले व मुंबईस त्यांनीं राजकमल कलामंदिर काढलें. देश स्वतंत्र झाला, आणि मग सन्मानांचें स्वरूपच पालटलें. होनाजी बाळा या शाहिरावरील ‘अमर भूपाळी’ १९५२ सालीं फ्रान्समधील कानच्या महोत्सवांत स्पर्धेस गेला आणि त्याच्या ध्वनिलेखनाचा तेथें गौरव झाला. १९५४ पासून भारत सरकारनें चित्रपटांना पारितोषिकें देण्यास आरंभ केला. राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालें, ही प्रत्येक मराठी माणसास अभिमानाची गोष्ट. पाठोपाठ शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या रंगीत नृत्यपटास सरकारी पारितोषिक लाभलें, आणि उत्कृष्ट चित्र व उत्कृष्ट दिग्दर्शक असे फिल्मफेअरचे दोन्ही मानही मिळाले.

येथें थोडें थांबूं. रंगांनीं यश दिलें, नृत्यानें यश दिलें. साधारण व्यवहारी माणूस पुढचें चित्र आणखी रंगीत काढता. शांतारामांनीं काढलें तें कृष्णधवल. नायक कोण, तर तुरुंगाधिकारी आणि त्याचे सहा खुनी कैदी! हाच १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’. या कथेचें मूळ आपल्याच मातींतलें आहे. औंध संस्थानांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें भिंतीवांचून बंदीशाळेचा प्रयोग झाला होता. कैद्यांना बेड्या न घालतां शेतीस लावावें आणि त्यांच्यावर विश्वास टाकावा, एवढेंच त्याचें सूत्र. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनीं कथा रचिली. तुरुंगाधिकारी आदिनाथाची भूमिका स्वतः शांतारामांनीं केली. बैलाशीं झुंजण्याचा प्रसंग चित्रित होत असतां त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली, कित्येक दिवस पट्टी बांधून अंधारांत राहावें लागलें, दृष्टि जाते कीं काय अशी धास्ती होती. सुदैवानें दृष्टि परत आली. त्या अंधारांत जे रंग मनांत उमटले, त्यांतून पुढें १९५९ चा ‘नवरंग’ निघाला.

‘दो आँखें’ला मिळालेल्या मानांची यादी मोठी आहे. राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत परीक्षकांचें खास रौप्य अस्वल मिळालें, आणि तेथेंच कॅथलिक चित्रपटसंस्थेचें पारितोषिकही. १९५९ सालीं अमेरिकेंतील गोल्डन ग्लोबच्या समारंभांत परदेशी चित्राकरितां ठेवलेलें सॅम्युएल गोल्डविन पारितोषिक मिळालें. बर्लिनचें सुवर्ण अस्वल त्या वर्षीं स्वीडनच्या बर्गमन यांनीं नेलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे स्पर्धा कोणाशीं होती तें कळतें.

परंतु घरची गोष्ट ऐका. त्याच वर्षाच्या चित्रांत फिल्मफेअरनें श्रेष्ठ ठरविला तो मेहबूब यांचा ‘मदर इंडिया’. सरकारच्या तराजूंत ‘दो आँखें’ वर आणि ‘मदर इंडिया’ गुणपत्राचा मानकरी. दुसऱ्या तराजूंत पारडें नेमकें उलट. दोन्ही चित्रें आज लोक आदरानें पाहतात. मग चूक कोणाची? माझ्या मतें कोणाचीच नव्हे. तराजू दोन असले म्हणजे वजनें दोन निघणारच. म्हणून केवळ पदक मोजून माणसाचें मोठेपण ठरवूं नये.

पुढील मान उतारवयांतले. १९७२ च्या ‘पिंजरा’स मराठींतील उत्कृष्ट चित्राचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. डॉ. श्रीराम लागू यांनीं रंगविलेला त्यांतला मास्तर पाहून आमच्या पेशाचीं माणसें अस्वस्थ झालीं, हें मी कबूल करतों. चित्रपटसृष्टीचा सर्वोच्च असा दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ सालापासून सुरू झाला; त्याचा पहिला मान देविकाराणींना मिळाला. शांतारामांच्या वांट्यास तो आला १९८५ सालचा, म्हणजे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीं. ३० ऑक्टोबर १९९० रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. पद्मविभूषण जाहीर झालें तें १९९२ सालीं. २००१ सालीं टपाल खात्यानें त्यांच्या चित्राचें तिकीट काढलें. महाराष्ट्र शासनानें तर चित्रपटक्षेत्रांतील जीवनगौरव पुरस्कारासच त्यांचें नांव दिलें. ज्याला मान द्यावयाचा, त्याच्या नांवानेंच इतरांस मान मिळूं लागला!

मरणोत्तर सन्मानाबद्दल मला एक घरगुती गोष्ट सांगावयाची आहे. मी शिकवीत असलेल्या एका शाळेंत एका मुलाचें नांव उत्तम विद्यार्थ्याच्या बक्षिसाकरितां ठरलें होतें. त्याच आठवड्यांत वर्गांतून फीचे थोडे पैसे नाहींसे झाले. मुलगा गरीब होता, संशय त्याच्यावर गेला. विचारपूस नीट न करतां मीं माझ्या हातानें लिहिलेलें त्याचें प्रशस्तिपत्रक फाडून टाकलें. महिन्याभरानें तेच पैसे एका हजेरीपुस्तकाच्या वेष्टणांत सांपडले. तोंवर मुलगा शाळा सोडून गेला होता. मीं नवें पत्रक लिहिलें, पण तें द्यावयाचें कोणाला? कित्येक वर्षें तें माझ्या पेटींत पडून होतें.

‘दो आँखें’ मीं लहानपणीं पाहिला होता, आणि पुन्हां पाहिला तो या गोष्टीनंतर. आदिनाथानें सहा खुन्यांवर विश्वास टाकला. मला एका निरपराध मुलावर महिनाभर टाकतां आला नाहीं. ज्या चित्राला देशोदेशींच्या परीक्षकांनीं पदकें दिलीं, त्यानें मजजवळ मात्र हिशेब मागितला. एवढ्या मानांच्या यादींत न बसणारा असा हा त्या चित्राचा मान आहे, आणि तो देण्यास मी बांधलेला आहें.

म्हणून, श्रोतेहो, माझें सांगणें इतकेंच. राष्ट्रानें उशिरां कां होईना, शांतारामांच्या पदरांत त्यांचें माप घातलें. त्यांचें काम चित्रांच्या रूपानें शिल्लक होतें, म्हणून उशीर चालून गेला. सामान्य माणसाचें तसें नसतें. त्याच्याबद्दलचा चांगला शब्द वेळेवर उच्चारला नाहीं, तर तो उच्चारण्यास जागाच उरत नाहीं. आपल्या घरीं, शेजारीं, कचेरींत ज्याला शाबासकी द्यावयाची असेल, ती आज संध्याकाळींच द्या.