ट्रान्सप्यूटर आणि आय ८६०

महाराष्ट्रात १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभारण्यात आलेल्या समांतर संगणकांचे आधारभूत असे दोन सूक्ष्मप्रक्रियक. पहिला ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा, दुसरा अमेरिकेतील इंटेल कंपनीचा. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ‘परम ८०००’ या यंत्रासाठी पहिला निवडला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’साठी दुसरा. एकाच राज्यातील दोन संस्थांनी एकाच सुमारास केलेल्या या भिन्न निवडींमुळे दोहोंची तुलना केवळ उत्पादकांच्या माहितीपत्रकांवरून न करता प्रत्यक्ष कामाच्या कसोटीवर करता येते.

वेगवान संगणकांची निकड ज्या कामांमुळे भासू लागली, त्यांत मोसमी पावसाचा अंदाज हे एक प्रमुख काम होते. त्यासाठी भारताने अमेरिकेकडे दोन प्रक्रियकांचा ‘क्रे एक्स-एमपी’ महासंगणक मागितला होता. प्रत्यक्षात एकच प्रक्रियक असलेला एक्स-एमपी/१४ मिळाला व तो दिल्लीच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात बसविण्यात आला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवे असलेले अधिक शक्तिमान यंत्र तर मिळालेच नाही. दिल्लीच्या यंत्रावर १९९३ पासून ‘टी ८०’ हे वातावरणाचे गणिती प्रतिमान नियमितपणे चालविले जाई. त्यात पृथ्वीचा पृष्ठभाग सु. १५० किमी. बाजूच्या चौकटींत विभागलेला असे. अशा एका चौकटीचे क्षेत्रफळ सु. २२,५०० चौ. किमी. होते, तर क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा १७,०४८ चौ. किमी. आहे. या जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी या सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांत वर्षाला कित्येक हजार मिमी. पाऊस पडतो, पर्जन्यछायेतील कर्जत, श्रीगोंदे या तालुक्यांत तो ५००–६०० मिमी.च्या आसपास असतो. भंडारदऱ्याचे धरण भरत असताना पूर्वेकडे बाजरीची पेरणी खोळंबलेली असावी, हे येथे नवलाचे नाही. प्रतिमानाला मात्र हा भेद दिसत नसे. चौकट लहान करावयाची, तर गणित अनेक पटींनी वाढते आणि तेवढी गणनशक्ती विकत मिळत नव्हती.

या परिस्थितीत १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर हे तिचे संचालक होते आणि तीन वर्षांत सेकंदाला शंभर कोटी गणितकृत्ये, म्हणजे एक गिगॅफ्लॉप, इतक्या वेगाचे यंत्र उभारण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. एकच अतिवेगवान प्रक्रियक घडविण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक साधे प्रक्रियक एकत्र जुंपण्याचा मार्ग पतकरण्यात आला [⟶ संगणक].

त्या दृष्टीने ट्रान्सप्यूटर हा जणू याच कामासाठी जन्मलेला होता. १९८७ मधील त्याच्या टी ८०० या प्रकारात पूर्णांकी गणिताचा विभाग, अपूर्णांकी गणिताचा विभाग, ४ किलोबाइट स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडमार्ग हे सर्व एकाच चकतीवर होते. प्रत्येक जोडमार्गावरून सेकंदाला दोन कोटी अंक (बिट) जात आणि ही देवघेव चालू असताना गणित थांबत नसे. एक काम बाजूला ठेवून दुसरे हाती घेण्यास त्याला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ पुरे. दोन तारा जोडल्या की दुसरा प्रक्रियक शेजारी आला. मध्ये वेगळे नियंत्रक मंडल नको. त्याचे खरे मोल या काटकसरीत होते. गणिताचा वेग मात्र बेताचा, म्हणजे सातत्याने दीड ते दोन मेगॅफ्लॉप (सेकंदाला दहा लाख गणितकृत्ये म्हणजे एक मेगॅफ्लॉप). त्याच्यासाठी खास रचलेली ‘ऑकम’ ही भाषा सुबक असली, तरी शास्त्रज्ञांच्या जुन्या आज्ञावल्या फोर्ट्रानमध्ये होत्या, ही अडचण होतीच.

आय ८६० ची प्रकृती नेमकी उलट. फेब्रुवारी १९८९ मध्ये जाहीर झालेल्या या प्रक्रियकात दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर होते. ४० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेला त्याचा कागदोपत्री अत्युच्च वेग एकेरी अचूकतेच्या गणितात ८०, तर दुहेरी अचूकतेत ६० मेगॅफ्लॉप होता. ‘चकतीवरचा क्रे’ असे त्याचे कौतुक होई. पण हा वेग मिळविण्यासाठी गणिताच्या प्रत्येक टप्प्याची आखणी आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावी लागे. संकलकांना, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालींना, ते फारसे साधले नाही. कामात व्यत्यय आला, तर अर्धवट गणिते जपून ठेवण्यात प्रसंगी दोन हजारांपर्यंत आवर्तने खर्ची पडत. शेजाऱ्याशी बोलण्याची सोय तर चकतीवर मुळीच नव्हती.

भाभा अणुसंशोधन केंद्राने ही उणीव ‘मल्टिबस २’ या तयार सामायिक वाहिनीने भरून काढली. त्यामुळे उभारणी झटपट झाली आणि १९९१ मध्ये चार आय ८६० असलेला पहिला अनुपम चालू झाला. त्याचा प्रत्यक्ष वेग सु. ३० मेगॅफ्लॉप, म्हणजे दर प्रक्रियकामागे साडेसात होता. कागदावरील आकड्याचा जेमतेम दशांश. तरीही तो एका ट्रान्सप्यूटरच्या चौपट-पाचपट भरतो, हे विसरून चालणार नाही. मोजक्या प्रक्रियकांत काम भागत असेल, तर तुर्भ्याची निवड व्यवहार्यच होती. संख्या वाढू लागली, की सामायिक वाहिनीवर गर्दी होते. परम ८००० मध्ये ती अडचण कमी भासे; म्हणून १९९१ मध्ये ६४ प्रक्रियकांनिशी पुढे आलेल्या या यंत्राची रचना २५६ प्रक्रियकांपर्यंत नेऊन गिगॅफ्लॉपचा अत्युच्च वेग गाठता येत असे. त्याच वर्षी मॉस्को येथेही एक परम ८००० बसविण्यात आला.

पुढे सी-डॅकने ‘परम ८६००’ मध्ये दोन्ही प्रक्रियकांचा संसार मांडला : गणित आय ८६० ने करावयाचे आणि सोबतीच्या चार ट्रान्सप्यूटरांनी निरोपांची ने-आण पाहावयाची. अत्युच्च वेग पाच गिगॅफ्लॉपच्या वर गेला. मात्र चार ट्रान्सप्यूटर मिळून जेवढे गणित करीत, त्याच्या कागदोपत्री कितीतरी पट गणित आता त्याच चौघांच्या जोडमार्गांवर विसंबले. टी ८० सारख्या प्रतिमानात लहरींच्या रूपातील माहिती चौकटींच्या रूपात आणण्यासाठी प्रत्येक कालखंडात जवळजवळ सर्व प्रक्रियकांना परस्परांशी देवघेव करावी लागते. त्या दशकात हे प्रतिमान परम, अनुपम व बंगळूरचा फ्लोसॉल्व्हर अशा यंत्रांवर चालविण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा गणितापेक्षा ही देवघेवच वेगाला आवर घालणारी ठरली.

दोन्ही प्रक्रियक अल्पायुषी होते. ट्रान्सप्यूटरची टी ९००० ही पुढील आवृत्ती रखडली आणि अपेक्षित वेग गाठू शकली नाही. आय ८६० चे उत्पादनही पुढे बंद झाले. सी-डॅकने १९९४ च्या परम ९००० मध्ये सुपरस्पार्क हा प्रक्रियक घेतला, तर अनुपम आल्फा व पेंटियमकडे वळला. त्यानंतर गणना आणि संदेशवहन ही कामे वेगळी करून, सर्व्हरचे प्रक्रियक एकीकडे व स्वतंत्र वेगवान जाळे दुसरीकडे, अशीच रचना रूढ झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील २०१८ चा ‘प्रत्युष’ इंटेलच्या झिऑन प्रक्रियकांचा, तर २०२४ चा ‘अर्क’ एएमडीच्या प्रक्रियकांचा आहे. प्रत्युषच्या काळात चौकट १२ किमी.ची होती, मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत’ अंदाज प्रणालीत ती ६ किमी.ची आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाट्याला आता अशा सु. ४७० चौकटी येतात आणि घाटघर व कर्जत यांचा पाऊस वेगवेगळा मोजला जातो.