पिनोकिओ : पुस्तकांतला आणि पडद्यावरचा

१८८१ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २७ तारखेस रोम शहरीं निघणाऱ्या मुलांच्या एका साप्ताहिकांत एक गोष्ट संपली. गोष्टीचा नायक लांकडाचा कळसूत्री बाहुला होता. दोन लुच्चांनीं त्याला रात्रीच्या अंधारांत रानांत गांठलें. त्यानें जिभेखालीं दडविलेलीं सोन्याचीं नाणीं कांहीं केल्या त्यांच्या हातीं लागेनात, तेव्हां त्यांनीं एका मोठ्या ओक वृक्षाच्या फांदीला त्याला गळफांस लावून टांगलें आणि तो मरण्याची वाट पाहत ते खालीं गवतावर बसले. शेवटीं कंटाळून ते निघून गेले. बाहुल्यानें आपल्या गरीब बापाची आठवण काढली, डोळे मिटले आणि तो ताठ झाला. एवढ्यावर लेखकानें लेखणी खालीं ठेवली.

ज्या पिनोकिओचें नांव आज जगांतील बहुतेक सुशिक्षित घरांतून लहान मुलांना ठाऊक आहे, त्याचा पहिला शेवट हा असा होता. खोटें बोलल्यावर वाढणारें नाक नाहीं, निळी परी नाहीं, खरा मुलगा होणें नाहीं. गुन्हा म्हणावा तर एवढाच कीं, शाळेत जाण्याऐवजीं तो भलत्या वाटेला गेला. शिक्षा मात्र फांसाची! लहान मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टीला असा शेवट करणारा हा लेखक होता तरी कोण, आणि या मेलेल्या बाहुल्याला पुन्हा उठविलें कोणीं, हें पाहिल्याशिवाय पुढें त्याच्यावर निघालेल्या चित्रपटांचा विचार करणें व्यर्थ होय.

लेखकाचें खरें नांव कार्लो लोरेन्झीनी. १८२६ सालीं फ्लॉरेन्स शहरांत त्याचा जन्म झाला. बाप एका सरदाराच्या घरीं आचारी, आई शिवणकाम करणारी. दहा भावंडांत कार्लो वडील, आणि त्या दहांपैकीं बरींच बाळपणींच दगावलीं. आईचें माहेरगांव कोलोदी. तेंच नांव त्यानें पुढें टोपणनांव म्हणून घेतलें. इटलीच्या स्वातंत्र्याकरितां १८४८ आणि १८५९ अशा दोन लढायांत तो स्वयंसेवक म्हणून गेला, आणि १८४८ सालीं त्यानें काढलेलें विनोदी वृत्तपत्र पुढल्याच वर्षीं सरकारी रोषामुळें बंद पडलें. थोडक्यांत, हा गृहस्थ मुळांत मुलांचा लेखक नव्हे. तो तिखट जिभेचा पत्रकार होता. मुलांच्या वाङ्मयाकडे तो वळला तो पन्नाशीच्या सुमारास, फ्रेंच परीकथांच्या भाषांतरानें, आणि त्यानंतर शाळेसाठीं लिहिलेल्या क्रमिक पुस्तकांनीं.

क्रमिक पुस्तकांची गरज त्या वेळीं मोठी होती. इटली १८६१ सालीं एक राष्ट्र झालें खरें, परंतु त्या राष्ट्रांतील सुमारें तीन चतुर्थांश माणसांना लिहितां वाचतां येत नव्हतें. १८७७ सालीं कायदा होऊन सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळेत जाणें सक्तीचें झालें. कायदा झाला, पण ज्या घरांत संध्याकाळची भाकर नक्की नाहीं, त्या घरांतील पोर शाळेत कसें जाणार? पिनोकिओची सारी गोष्ट या एका प्रश्नाभोंवतीं फिरते. म्हातारा जेपेत्तो भर थंडींत अंगांतला कोट विकून मुलाला मुळाक्षरांचें पुस्तक आणून देतो. आणि मुलगा तें पुस्तक चार नाण्यांना विकून बाहुल्यांचा खेळ पाहण्यास जातो. हा प्रसंग वाचतांना हंसावें कीं रडावें, हें ज्याला कळलें त्याला कोलोदी कळला.

या पुस्तकांत भूक पानोपानीं भेटते. जेपेत्तोच्या खोलींत विस्तव पेटलेला आहे आणि भांड्यांतून वाफ निघत आहे, पण विस्तव, भांडें आणि वाफ हीं तिन्ही भिंतीवर रंगविलेलीं आहेत. उपाशी बाहुला धांवत जाऊन भांड्याचें झांकण उघडूं पाहतो आणि मग त्याला हें समजतें. एका सकाळीं जेपेत्तो स्वतःच्या न्याहारीचीं तीन पेरें त्याला देतो. आधीं हा ऐटीनें सालें काढून मागतो, आणि शेवटीं सालें आणि मधले गाभेसुद्धां खाऊन टाकतो. उपदेश करणारा बोलका रातकिडा चौथ्या प्रकरणांतच येतो, आणि बाहुला हातोडी फेंकून त्याला भिंतीवर ठार करतो. उपदेशकाची ही वासलात लावणारा लेखक स्वतः क्रमिक पुस्तकें लिहिणारा होता, हें विसरूं नये.

आतां त्या प्रसिद्ध नाकाविषयीं. लोकांची समजूत अशी कीं, पिनोकिओ खोटें बोलला कीं नाक वाढलें, हाच पुस्तकाचा गाभा. वस्तुस्थिति निराळी आहे. नाक प्रथम वाढतें तें जेपेत्तो तें कोरीत असतांनाच, जेव्हां बाहुल्याला खोटें बोलण्यास तोंडसुद्धां नव्हतें. पुढें भिंतीवरचें भांडें चित्रांतलें आहे हें कळतें, तेव्हां निराशेनें तें वाढतें. खोटें बोलल्यामुळें तें वाढण्याचे ठळक प्रसंग छत्तीस प्रकरणांत अवघे दोन. शिवाय कित्येक थापा त्याला बिनदिक्कत पचतात. पहिल्या पंधरा प्रकरणांत, म्हणजे फांसापर्यंत, या शिक्षेचा पत्ताच नाहीं. ती कल्पना सतराव्या प्रकरणांत येते, आणि त्या आधीं बाहुल्याला जिवंत करणें भाग होतें.

तें मुलांनीं करविलें. गोष्ट त्या साप्ताहिकांत १८८१ च्या जुलैपासून ‘एका बाहुल्याची गोष्ट’ या नांवाखालीं येत होती. कोलोदीनें पहिला मजकूर पाठविला तोच या पोरखेळाचें हवें तें करा, पण छापलात तर पैसे बरे द्या, अशा आशयाच्या चिठ्ठीसह. फांस झाला आणि बालवाचक नाराज झाले. संपादकांनीं गळ घातली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत ‘पिनोकिओचीं साहसें’ या नव्या नांवानें कथा पुन्हा सुरू झाली. निळ्या केसांची एक मुलगी, जी पंधराव्या प्रकरणांत खिडकींतून आपण स्वतःच मेलेलीं आहों असें सांगत होती, तीच आतां परी झाली आणि तिनें टांगलेल्या बाहुल्याला खालीं उतरविलें. १८८३ च्या जानेवारींत कथा संपली, आणि पुढल्याच महिन्यांत माझ्झान्ती याच्या चित्रांसह फ्लॉरेन्स येथें पुस्तक निघालें. कोलोदी १८९० सालीं वारला. पिनोकिओचें इंग्रजी भाषांतर आणि जगभरची कीर्ति हीं त्याच्या मागून आलीं.

एकाच पुस्तकांत अशा रीतीनें दोन पुस्तकें शिवलेलीं आहेत. पहिल्या भागांत जग निर्दय आहे, आणि दुसऱ्या भागांत परीच्या रूपानें आई आहे, क्षमा आहे, कष्टाचें फळ आहे. तरीही दुसऱ्या भागांत कोलोदीची जीभ बोथट झालेली नाहीं. ज्याचीं नाणीं चोरीस गेलीं त्या पिनोकिओलाच गोरिला न्यायाधीश तुरुंगांत टाकतो, कारण तो लुबाडला गेला हाच त्याचा अपराध! चार महिन्यांनीं राजाच्या विजयोत्सवानिमित्त कैदी सुटतात, तेव्हां ‘मीही बदमाषच आहें’ असें कबूल केल्यावरच याची सुटका होते. पुढें चित्रपट काढणाऱ्या प्रत्येकाला या दोन भागांपैकीं एकाची निवड करावी लागली, आणि ज्यानें जो भाग निवडला त्यावरून त्या त्या काळाची ओळख पटते.

पहिला चित्रपट इटलींतच १९११ सालीं आंतामोरो या दिग्दर्शकानें काढला. तो अर्थातच मूकपट होता. सर्कशींतून आलेला एक प्रौढ विदूषक त्यांत पिनोकिओ झाला, आणि मूळ कथेंत नसलेलें अमेरिकेंतील आदिवासींचें एक प्रकरणही त्यांत घुसडलेलें आहे. त्यानंतर १९३५ च्या सुमारास रोममध्यें हाताने काढलेल्या चित्रांचा एक पिनोकिओ सुरू झाला होता, तो पुरा झालाच नाहीं. मध्यंतरीं मुसोलिनीचा पक्ष सत्तेवर आल्यावर, १९२३ सालींच, या बाहुल्याला पक्षाचा काळा सदरा चढविणारीं पोरकट पुस्तकें निघूं लागलीं. लांकूड मऊ असलें कीं कोणीही त्यावर पटाशी चालवितो.

रशियांत याहून चतुर गोष्ट घडली. अलेक्सेई टॉलस्टॉय यानें १९३६ सालीं ‘सोन्याची किल्ली’ या नांवाचें पुस्तक लिहून पिनोकिओचा बुरातिनो केला, आणि तीनच वर्षांनीं प्तुश्कोनें त्याचा बोलपट काढला. हा बुरातिनो खरा मुलगा होत नाहीं आणि होऊंही इच्छीत नाहीं. भिंतीवरील त्या रंगविलेल्या चुलीमागें त्याला एक गुप्त दार सांपडतें! कोलोदीनें गरिबीचें चिन्ह म्हणून जें चित्र भिंतीवर ठेवलें, त्याच्यामागें सुखाचें राज्य दडलेलें दाखविणें ही युक्ति मोठी विचार करण्याजोगी आहे.

परंतु जगानें पिनोकिओ पाहिला तो वॉल्ट डिस्नेच्या डोळ्यांनीं. ‘स्नो व्हाइट’ च्या अपूर्व यशानंतर डिस्नेचा हा दुसरा मोठा चित्रपट. न्यूयॉर्क येथें १९४० च्या ७ फेब्रुवारीस तो प्रथम दाखविला गेला. काम सुरू झाल्यावर १९३८ सालीं तें मध्येंच थांबविण्यांत आलें होतें, कारण चित्रकारांनीं काढलेला बाहुला फार लांकडी आणि उद्धट दिसूं लागला आणि त्याच्याविषयीं माया वाटेना. मग मिल्ट काल या चित्रकारानें आधीं एक गोजिरवाणा मुलगा काढला आणि त्याला बाहुल्याचे सांधे मागाहून जोडले. इथेंच सारा फरक झाला. कोलोदीचा पिनोकिओ लांकडाचा ओंडका असतांनाच सुताराला चिडवितो. डिस्नेचा पिनोकिओ निरागस आहे आणि लबाड लोक त्याला फसवितात. हातोडीनें मेलेला रातकिडा येथें टोपी घालून, छत्री घेऊन, त्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा अधिकारी होऊन बसतो. जेपेत्तोच्या घरांत घड्याळांची किलबिल आहे, मांजर आहे, कांचेच्या भांड्यांत मासा आहे. भिंतीवर चूल रंगविण्याची वेळ त्या घरावर कधीं आली असेल असें वाटत नाहीं.

असें असूनही हा चित्रपट सामान्य नव्हे. सकाळच्या गांवाचें ते दृश्य, जेथें कॅमेरा घंटाघरापासून गल्लींगल्लींतून खालीं उतरतो, समुद्रांतील त्या राक्षसी देवमाशाचा पाठलाग, आणि गाढव होणाऱ्या मुलाची भिंतीवर पडणारी सांवली हीं रेखाटलेल्या चित्रांच्या कलेंत आजही पहिल्या पंक्तींत बसतील. गाढव झालेलीं मुलें पुन्हा माणसें होत नाहींत, हें दुष्ट सत्य डिस्नेनें झांकलें नाहीं, आणि याबद्दल त्याला मानलें पाहिजे. गीत आणि संगीत यांना ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. पण युरोपांत महायुद्ध पेटलें होतें, तेथील बाजारपेठा बंद होत्या, आणि पहिल्या फेरींत चित्रपट तोट्यांत गेला. इटलीच्या प्रेक्षकांनीं तो पाहिला तो युद्ध संपल्यावर, १९४७ सालीं. टायरोलच्या टोपींतला हा गोंडस पोर आपला नव्हे, अशी तक्रार तेथें झाली, आणि ती अगदींच अस्थानीं नव्हती.

इटलीचें उत्तर आलें पंचवीस वर्षांनीं. १९७२ सालीं लुईजी कोमेंचीनी यानें दूरचित्रवाणीसाठीं मालिकेच्या रूपानें पिनोकिओ काढला. निनो मान्फ्रेदी जेपेत्तो झाला, जीना लोलोब्रिजिदा परी. कोमेंचीनीनें धाडस केलें तें असें कीं, त्याचा बाहुला सुरुवातीलाच हाडामांसाचा पोर होतो, आणि परीचें ऐकलें नाहीं कीं शिक्षा म्हणून पुन्हा लांकूड होतो. म्हणजे मनुष्यपण हें शेवटचें बक्षीस राहिलें नाहीं. तें मुळांतच त्याचें होतें आणि मोठी माणसें तें काढून घेत होतीं. मूळ ग्रंथाशीं ही मोडतोड खरी, पण त्या मालिकेंतला चिखल, थंडी आणि रिकामीं ताटें थेट कोलोदीचीं आहेत. कित्येक इटालियन घरांतून आजही हाच पिनोकिओ खरा मानला जातो.

रोबेर्तो बेनिन्यी याचा २००२ चा चित्रपट मात्र फसला. पन्नाशीचा नट बाहुल्याच्या वेषांत उड्या मारूं लागला तर रंगभूमीवर तें खपतें, पडद्यावर खपत नाहीं. त्याच बेनिन्यीनें २०१९ सालीं मात्तेओ गार्रोने याच्या चित्रपटांत जेपेत्तोचें काम केलें, आणि भुकेल्या सुताराचें तें काम पाहून जुन्या चुकीची भरपाई झाली असें अनेकांना वाटलें.

२०२२ सालीं गियेर्मो देल तोरो यानें, मार्क गुस्टाफसन याच्यासह, खऱ्याखुऱ्या बाहुल्या चौकटीगणिक तसूतसूनें हलवून आपला पिनोकिओ सिद्ध केला. त्याला पुढल्या वर्षीं ऑस्कर मिळालें. कथेचा काळ त्यानें मुसोलिनीच्या अमलांत आणला. जेपेत्तोचा खरा मुलगा पहिल्या महायुद्धांत बॉम्बनें मारला गेला आहे, आणि त्या दुःखांत, दारूच्या नशेंत, म्हातारा हा बाहुला कोरतो. सरकारला हा न मरणारा पोर शिपाई म्हणून हवा आहे. ज्या राज्यांत सर्वजण आज्ञा पाळीत आहेत, तेथें न ऐकणारा हा एकटाच शहाणा ठरतो. कोलोदीनें ज्या अवज्ञेबद्दल त्याला फांसावर चढविलें, तीच येथें त्याचा गुण झाली. शिवाय पहिल्या पंधरा प्रकरणांतला मृत्यु देल तोरोनें परत आणला. त्याचा पिनोकिओ पुनः पुन्हा मरतो, आणि शेवटीं लांकडाचाच राहतो.

कोलोदीच्या पुस्तकाच्या अखेरीस पिनोकिओ आजारी बापाच्या पेलाभर दुधासाठीं रहाटाचे शंभर पोहरे उपसतो, आणि त्याच मळ्याच्या तबेल्यांत गाढव झालेला त्याचा जुना सोबती कामानें मरून पडतो. एका सकाळीं पिनोकिओ जागा होतो तो खरा मुलगा होऊन. नवे कपडे, नीटनेटकें घर, बाप बरा झालेला. मग तो विचारतो, तो जुना लांकडी पिनोकिओ कोठें गेला? जेपेत्तो बोट दाखवितो. खुर्चीला टेकवून ठेवलेला एक बाहुला, मान एका बाजूला कललेली, हात लोंबणारे, पाय दुमडलेले. मुलगा त्याच्याकडे क्षणभर पाहतो, आणि आपण तेव्हां किती हास्यास्पद होतों असें समाधानानें म्हणतो. डिस्नेनें हें दृश्य गाळलें. तेथें बाहुलाच मुलगा होतो आणि मागें कांहीं उरत नाहीं. कोलोदीनें मात्र त्याला त्या खुर्चीपाशीं तसाच ठेवला.